रेडिऑलॉजीच्या आधीचं एक वर्ष: अ‍ॅन आर्बरसारख्या गावात ट्रान्झिशनल इयर घ्यावं का?

तुझा प्रश्न मी दोनतीनदा वाचला. सोलापूरला इंटर्नशिप झाली, अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेत स्टेप 2 चे गुण चांगले आलेत, आणि तुला रेडिऑलॉजीच करायची आहे. रेडिऑलॉजीच्या काही मुलाखती झाल्या. पहिल्या वर्षासाठी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या परिसरातल्या एका ट्रान्झिशनल इयरची (वेगवेगळ्या विभागांत फिरून काढायचं एक वर्ष) आणि दुसरीकडच्या दोन प्रिलिम मेडिसिनच्या (तेच वर्ष मेडिसिनमध्ये) मुलाखतीही झाल्या. अमेरिकेत शिकलेला मावसभाऊ म्हणतो, ट्रान्झिशनल म्हणजे आरामाचं वर्ष, डोळे मिटून पसंतीच्या यादीत वर टाक. बाबा म्हणतात, एका वर्षाची नोकरी ही कसली नोकरी. आणि तू विचारतेस की यादीत वर काय ठेवू, आणि विद्यापीठाच्या त्या छोट्या गावात एकटीचा निभाव लागेल का.

मी मिरजेला एमबीबीएस केलं, इथे येऊन मेडिसिन केलं, आणि गेली 18 वर्षं भरती झालेले रुग्ण बघते. पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, म्हणजे इथले इंटर्न, माझ्याबरोबर राउंड घेतात आणि त्यांत ट्रान्झिशनलची मुलं दरवर्षी असतात. आधी उत्तर सांगते, मग कारणं. रेडिऑलॉजीची जागा पक्की होत असेल तर तिला जोडून ट्रान्झिशनल वर ठेव. रेडिऑलॉजी मिळाली नाही तर नुसतं ट्रान्झिशनल घेऊन इथे येऊ नकोस. बाबांच्या शंकेत मावसभावाच्या सल्ल्यापेक्षा जास्त तथ्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अमेरिकेत रेडिऑलॉजी, भूलशास्त्र, त्वचारोग, रेडिएशन ऑन्कोलॉजी, पुनर्वसन अशा शाखांचं शिक्षण बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षापासून सुरू होतं. रेडिऑलॉजीची चार वर्षं, पण त्याआधी एक वर्ष रुग्णांमध्ये काढावंच लागतं. ते वर्ष मेडिसिनमध्ये काढलं तर प्रिलिम मेडिसिन, सर्जरीत काढलं तर प्रिलिम सर्जरी, आणि अनेक विभागांत फिरून काढलं तर ट्रान्झिशनल इयर. या वर्षाला स्वतःची बोर्डाची परीक्षा नाही. ते संपलं की हातात एक प्रमाणपत्र येतं, आणि त्याला किंमत येते ती पुढची जागा असेल तरच.

अमेरिकन पदवीधर हे वर्ष संपवून पुढची जागा शोधत बसला तरी त्याच्या पायाखाली देश असतो. आपल्याकडून आलेल्या मुलीच्या पायाखाली व्हिसा असतो. बरीच राज्यं परदेशी पदवीधरांकडून पूर्ण परवान्यासाठी दोन किंवा तीन वर्षांची रेसिडेन्सी मागतात, त्यामुळे एका वर्षाच्या जोरावर तुला स्वतंत्र काम करता येणार नाही. पुढे मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिनकडे वळलीस तर ट्रान्झिशनलचे फार थोडे महिने धरले जातात, बहुतेकांना पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडचाच एक हुशार मुलगा असा आला होता. पुढची जागा नव्हती, ‘एकदा आत शिरलो की बघू’ असा हिशेब होता. जुलैत काम सुरू झालं आणि सप्टेंबरात पुन्हा अर्ज भरायची वेळ आली. म्हणजे ज्या डॉक्टरांनी त्याला जेमतेम दहा आठवडे पाहिलं होतं त्यांच्याकडेच शिफारसपत्र मागायचं, आणि रात्रपाळी संपवून सकाळी मुलाखतीला बसायचं. त्याला जागा मिळाली, पण वेगळ्या शाखेत, पहिल्याच वर्षापासून. तो आज सुखात आहे. ते वर्ष मात्र त्याने सतत धास्तीत काढलं, आणि धास्तावलेला माणूस नीट शिकत नाही हे मी रोज बघत होते.

मॅचची, म्हणजे उमेदवार आणि रुग्णालयं यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवणाऱ्या पद्धतीची, रचना या बाबतीत तुझ्या बाजूने आहे, तिचा उपयोग करून घे. मुख्य यादीत रेडिऑलॉजीच्या जागा लावायच्या. दुसऱ्या वर्षापासून सुरू होणाऱ्या प्रत्येक जागेला पहिल्या वर्षासाठीची पूरक यादी जोडता येते, आणि ती यादी तेव्हाच उघडते जेव्हा ती रेडिऑलॉजीची जागा तुला मिळते. तुझं ट्रान्झिशनल आणि प्रिलिम मेडिसिन या पूरक याद्यांमध्ये घाल. मुख्य यादीच्या तळाशी ‘काहीच नाही त्यापेक्षा बरं’ म्हणून ट्रान्झिशनल टाकायचा मोह होईल. टाकू नकोस. पहिलं वर्ष आणि रेडिऑलॉजी एकाच भागात करायला मिळावं म्हणून पूरक यादी त्या त्या शहराप्रमाणे वेगवेगळीही लावता येते. मिशिगनमधली रेडिऑलॉजी लागली तर अ‍ॅन आर्बर वर, दक्षिणेकडची लागली तर तिकडचं प्रिलिम वर. एका वर्षात दोनदा घर हलवणं किती खर्चाचं आणि त्रासाचं असतं ते मी अनुभवलंय.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी कळतं की जागा लागली की नाही, आणि शुक्रवारी कळतं कुठे. रेडिऑलॉजी लागली पण पहिलं वर्ष लागलं नाही असं सोमवारी दिसलं तर घाबरू नकोस. त्याच आठवड्यात उरलेल्या जागांची फेरी असते आणि प्रिलिम सर्जरीच्या जागा तिथे बऱ्याचदा शिल्लक राहतात. काम कष्टाचं असतं, पण मागे रेडिऑलॉजीची जागा उभी असते. आणखी एक रस्ता लक्षात ठेव. काही जागा ‘आर’ प्रकारच्या असतात, पहिलं वर्ष आधीच केलेल्या डॉक्टरांसाठी राखलेल्या आणि त्याच वर्षी जुलैत सुरू होणाऱ्या. थोड्याच असतात, म्हणून त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

व्हिसाचं पहिल्या भेटीतच विचारून घे. ट्रान्झिशनलचे पुष्कळ कार्यक्रम फक्त जे-1, म्हणजे शिकायला येणाऱ्यांचा व्हिसा, देतात. त्यात शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट येते, किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करून ती माफ करून घ्यावी लागते. एच-1बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हवा असेल तर त्याच परवान्याच्या परीक्षेची स्टेप 3 आधी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि सप्टेंबर 2025 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरची रक्कम लागू झाल्यापासून रुग्णालयं त्या वाटेला जाताना दहा वेळा विचार करतात. शिवाय तुझ्या बाबतीत पहिलं वर्ष एका संस्थेत आणि पुढची चार दुसऱ्या संस्थेत. दोन्हीकडे एकच व्हिसा चालतो ना, हे दोन्ही कार्यालयांकडून लेखी घे. तोंडी ‘हो हो’ वर थांबू नकोस.

आता मावसभावाचं आरामाचं वर्ष. त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. ट्रान्झिशनलमध्ये ऐच्छिक विभागांचे आठवडे प्रिलिमपेक्षा जास्त मिळतात आणि त्या काळात रात्रपाळ्या कमी असतात. म्हणूनच अमेरिकन पदवीधरांत या जागांना प्रचंड मागणी असते, आणि म्हणूनच परदेशी पदवीधराला त्या मिळणं अवघड जातं. तुला मुलाखतीला बोलावलं हे साधं नाही, ते लक्षात ठेव. पण मान्यता देणाऱ्या संस्थेचे नियम वाचलेस तर आराम फारसा सापडणार नाही. वर्षातले किमान 24 आठवडे मेडिसिन, सर्जरी, बालरोग, फॅमिली मेडिसिन, स्त्रीरोग, आपत्कालीन विभाग अशा मूळ शाखांत जातात. आपत्कालीन विभागात किमान 140 तास, बाह्यरुग्ण विभागात किमान 140 तास. तासांचा नियम सगळ्यांना एकच: चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला 80 तास, सात दिवसांत एक सुट्टी, आणि सलग 24 तासांनंतर फक्त रुग्ण सोपवण्यासाठी आणखी चार. वॉर्डाच्या महिन्यात ट्रान्झिशनलचा इंटर्न आणि मेडिसिनचा इंटर्न यांच्यात काडीचा फरक नसतो. रात्री दोनला नर्सचा फोन येतो तेव्हा ती विचारत नाही की तू पुढे रेडिऑलॉजिस्ट होणार का.

हा रात्रीचा फोन हेच या वर्षाचं खरं शिक्षण आहे, म्हणून त्याबद्दल जरा थांबून सांगते.

मी इंटर्न होते तेव्हाची गोष्ट, दुसऱ्या राज्यातली. पहाटे तीनला नर्सचा फोन आला की पोटाच्या दुखण्यासाठी भरती असलेल्या एका आजोबांचा रक्तदाब उतरलाय. मी फोनवरच सलाईन सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. मी वर गेले, आजोबा बोलत होते, मी आणखी सलाईन लावलं. सीनियरला उठवावं असं मनात आलं होतं, पण मिरजेला रात्री वरिष्ठांना उठवणं म्हणजे सकाळी सगळ्यांसमोर बोलणी खाणं, आणि ते अंगात इतकं भिनलेलं होतं की इथे कोणी ओरडणार नाही हे माहीत असूनही माझा हात फोनकडे गेला नाही. पाच वाजता काळी शौच झाली आणि रक्तदाब मोजता येईना. आजोबा आयसीयूत गेले, रक्त चढवलं, एंडोस्कोपी झाली, वाचले. सीनियरने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं की दोन तास तू एकटी का होतीस. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.

आपल्याकडची मुलं हाताने फार तयार असतात. नस सापडते, केस लवकर ओळखतात, गर्दीला घाबरत नाहीत. सोलापूरच्या कॅज्युअल्टीत तू जितके रुग्ण पाहिलेस तितके इथल्या मुलाने चार वर्षांत पाहिलेले नसतात. इथे अडतं ते बोलण्यात. वेळेत मदत मागणं, रुग्ण पुढच्याच्या हाती नीट सोपवणं, फार्मासिस्टने डोस दुरुस्त केला तर तो अपमान न मानणं, नर्सला ‘सिस्टर’ म्हणून हुकूम न सोडता तिचं निरीक्षण विचारणं. घरी कोण आहे, जिना आहे का, औषधं परवडतात का, हे भरतीच्या दिवशीच विचारावं लागतं, कारण सोशल वर्करचं काम त्यावर चालतं. आणि ‘हृदय बंद पडलं तर काय करायचं’ हा प्रश्न शुद्धीत असलेल्या माणसालाच विचारावा लागतो. आपण तो नातेवाइकांना व्हरांड्यात नेऊन विचारत आलो. पहिल्यांदा तो थेट रुग्णाला विचारताना माझी जीभ जड झाली होती. जुलैच्या आधी औषधांची नावं मात्र पाठ करून ये: पॅरासिटामॉल इथे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनालीन म्हणजे एपिनेफ्रिन, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन. धावपळीत तोंडून जुनं नाव गेलं की समोरच्याचे दोन सेकंद जातात.

आता गावाविषयी. विद्यापीठाच्या गावात इंटर्नशिप करणं मोठ्या शहरातल्यापेक्षा खरंच वेगळं असतं.

अ‍ॅन आर्बरची वस्ती 2020 च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 24 हजार, आणि मिशिगन विद्यापीठाचे विद्यार्थी 50 हजारांहून जास्त. विद्यापीठ 1837 मध्ये डेट्रॉईटहून इथे आलं आणि 1869 मध्ये त्याने स्वतःचं रुग्णालय काढलं. स्वतःचं रुग्णालय स्वतः चालवणारं हे अमेरिकेतलं पहिलं विद्यापीठ. साल्कची पोलिओ लस परिणामकारक आहे हे 12 एप्रिल 1955 ला जगाला सांगितलं गेलं ते याच गावातल्या रॅकहॅम सभागृहातून. अशा गावात अवघड, दुर्मिळ केस विद्यापीठाच्या रुग्णालयात जाते. तिथे प्रत्येक अवयवाचा फेलो, म्हणजे रेसिडेन्सीनंतर पुढचं शिकणारा डॉक्टर, असतो आणि इंटर्न बऱ्याचदा रांगेत मागे उभा राहतो. गावाच्या पूर्वेला, इप्सिलँटीच्या वाटेवर, ट्रिनिटी हेल्थ अ‍ॅन आर्बर आहे, ज्याला जुने लोक अजून सेंट जो म्हणतात. तिथेही ट्रान्झिशनल इयर आहे. अशा सामुदायिक रुग्णालयात न्यूमोनिया, हार्ट फेल्युअर, पडून मोडलेला खुबा, साखर वाढलेला पन्नाशीचा माणूस असे रोजचे रुग्ण येतात, आणि तुझ्या व अटेंडिंगच्या, म्हणजे रुग्णाची जबाबदारी असलेल्या वरिष्ठ डॉक्टरच्या, मध्ये फारसं कोणी नसतं. पहिल्या वर्षाला मी अशीच जागा सुचवते. दुर्मिळ आजार पुढे चार वर्षं स्क्रीनवर बघशीलच.

गावाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते ऑगस्टच्या शेवटी, मुलं परतली की सुरू होतं. मेमध्ये रस्ते ओस पडतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर फुटबॉलचे शनिवार असतात. इथलं स्टेडियम 1927 चं, आसनं 1,07,601, म्हणजे सामन्याच्या दिवशी जवळजवळ गावाएवढंच दुसरं गाव एका खोलगट मैदानात येऊन बसतं. त्या दिवशी आपत्कालीन विभागात पाळी असेल तर दोन तास आधी निघ, रस्ते बंद असतात. सप्टेंबरच्या उन्हात चढण चढून आलेले, हृदयाच्या गोळ्या घरी विसरलेले साठीचे माजी विद्यार्थी दुपारी येतात. दारू प्यायलेली मुलं संध्याकाळपासून येतात.

या मुलांबद्दल मी प्रत्येक इंटर्नला तेच सांगते: तरुण आहे, दारूचा वास आहे आणि निपचित पडलाय, एवढ्यावर ‘झोपू दे’ म्हणायचं नाही. साखर बघायची, डोक्याला हात लावून बघायचा, मान, बाहुल्या, अंगाचं तापमान. दर तासाला पुन्हा जाऊन बघायचं, आणि जो शुद्धीवर यायच्या वेळेला येत नाही त्याचं डोक्याचं सीटी करायचं. तू रेडिऑलॉजिस्ट होशील तेव्हा पहाटे तुझ्यासमोर असलं सीटी येईल आणि मागणीपत्रावर फक्त ‘शुद्ध हरपली’ लिहिलेलं असेल. त्या दोन शब्दांमागे खाटेजवळचा कोणता गोंधळ असतो हे तुला माहीत असेल, आणि म्हणून तू ते चित्र वेगळ्या नजरेने बघशील. बरीच मुलं मित्राला घेऊन यायला घाबरतात, कारण इथे 21 वर्षांखाली दारू बेकायदा आहे. मिशिगनमध्ये 2012 पासून असा कायदा आहे की वैद्यकीय मदत मागणाऱ्या अशा मुलांवर दारूबद्दल खटला होत नाही. हे त्यांना तिथल्या तिथे सांगायचं. मग ती खरं बोलतात, काय घेतलं, किती घेतलं ते.

सर्दी-तापाच्या साथी वसतिगृहात झपाट्याने पसरतात. घसा, ताप आणि मोठी झालेली प्लीहा घेऊन येणारा मोनोचा (विषाणूमुळे होणाऱ्या तापाचा) रुग्ण तू सोलापुरात क्वचितच पाहिला असशील, इथे आठवड्याला दिसेल. त्याला अमॉक्सिसिलिन दिलंस तर अंगभर पुरळ उठतं आणि खेळायला सोडलंस तर प्लीहा फुटायची भीती असते. परीक्षांच्या आसपास जिवाचं बरंवाईट करायला निघालेली मुलं येतात. त्यांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसायला वेळ काढ. या महिन्यांत इंटर्नच त्यांच्या वयाच्या सगळ्यात जवळचा माणूस असतो आणि अटेंडिंगला जे सांगत नाहीत ते ती त्याला सांगतात.

मग आईवडिलांचे फोन. मुलगा 19 वर्षांचा, बाप न्यू जर्सीत किंवा पुण्यात, आणि बाप विचारतो की माझ्या मुलाला काय झालंय. 18 पूर्ण झाले की रुग्णाच्या परवानगीशिवाय तू काहीच सांगू शकत नाहीस. आपल्या संस्कारात वाढलेल्याला हे फार जड जातं, मलाही जातं. मी असं करते: फोन चालू ठेवून मुलाकडे जाते, ‘बाबांचा फोन आहे, बोलू का, किती सांगू’ असं विचारते. दहातले नऊ हो म्हणतात. दहावा नाही म्हणाला तर बाबांना एवढंच म्हणते की तुमचं जे काही सांगायचं असेल ते मी ऐकून घेते. ऐकायला बंदी नाही. आणि त्या ऐकण्यात कितीदा तरी औषधाची अ‍ॅलर्जी किंवा जुना झटका कळलाय.

अशा गावात आपल्या लोकांची संख्या बरीच असते, म्हणून एक खास आपला प्रसंग सांगते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या नाशिककडच्या एक काकू रात्री विभागात आल्या. मुलाने भाषांतर केलं की आईला खूप काळजी वाटतेय, अस्वस्थ वाटतंय. विमानाचा प्रवास, नवी जागा, सगळं जुळत होतं. पुढे भूलशास्त्राला जाणारी ओहायोची एक ट्रान्झिशनल इंटर्न त्यांना बघत होती. मराठीचा गंध नाही. पण काकूंच्या कपाळावरचा घाम तिला पटेना, तिने ईसीजी काढला, आणि हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक निघाला. नंतर मी काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, मी त्याला सांगत होते, जीव घाबरा होतोय.’ जीव घाबरा होणं म्हणजे काय ते तुला मला सांगावं लागत नाही. मुलाने त्यातला फक्त ‘घाबरा’ उचलला. म्हणून घरच्या माणसाकडून भाषांतर घ्यायचं नाही, प्रशिक्षित दुभाषा फोनवर किंवा पडद्यावर मिळतो, तो घ्यायचा. तुला मराठी-हिंदी येते याचा रुग्णांना फार आधार होईल, पण शस्त्रक्रियेची संमती वगैरे तुझ्या मराठीत घेण्याआधी रुग्णालयाचा नियम विचारून घे. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरलाही आधी भाषेची चाचणी द्यावी लागते.

अशा आईवडिलांकडे बहुधा पाहुण्यांचा विमा असतो, आणि जुन्या आजारांना तो बरेचदा लागू होत नाही. मुलगा खाटेजवळ बिलाचा हिशेब करत असतो आणि ‘आईला घरी नेतो’ म्हणतो. 1986 च्या कायद्याने आपत्कालीन विभागाला पैशाचा विचार न करता तपासणी आणि स्थिर करण्याचे उपचार करावेच लागतात. ही गोष्ट मराठीत, शांतपणे समजावून सांगणारी तू एकटीच असशील त्या मजल्यावर. सोशल वर्करला त्याच रात्री निरोप दे. बिलात सूट मागायचे अर्ज असतात आणि ते वेळेत भरले तर उपयोग होतो.

आता ट्रान्झिशनल की प्रिलिम मेडिसिन, यातली निवड. तुझ्या दोन प्रिलिम जागांपैकी एखादी चांगली असेल तर नुसत्या नावावरून ट्रान्झिशनल वर टाकू नकोस. ठरवायचं ते तिथल्या रेसिडेंटांशी बोलून, अधिकारी नसताना. रात्री वॉर्डात इंटर्नबरोबर सीनियर इमारतीत असतो की फोनवर? नवे किती रुग्ण एका रात्री एका इंटर्नकडे येतात? ट्रान्झिशनलच्या मुलांना राउंडवर शिकवतात का, की ‘हा वर्षाचा पाहुणा’ म्हणून डिस्चार्जचे कागद तेवढे देतात? गेल्या वर्षी कोणी आजारी पडलं तेव्हा त्याची पाळी कोणी केली? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना चेहरा बघ. लवकर आणि मोकळेपणाने उत्तर आलं तर ती जागा वर ठेव, तासांचा आकडा थोडा जास्त असला तरी.

ऐच्छिक आठवडे मिळाले की मुलं लगेच रेडिऑलॉजी घेतात. पुढची चार वर्षं तेच करायचंय, मग आत्ता कशाला? एखादे दोन आठवडे ठीक, ओळखीसाठी. बाकीचे आयसीयू, पोटाची सर्जरी, ऑर्थोपेडिक्स आणि पॅलिएटिव्ह मेडिसिनला दे. ज्या सर्जनने तुला शस्त्रक्रियेत उभं करून दाखवलं की गळू नेमकं कुठे सापडलं, त्याचा प्रश्न पुढे तुला अर्ध्या वाक्यात कळेल. रेडिऑलॉजिस्ट झालेल्या माझ्या जुन्या इंटर्नांपैकी जी मुलं फोन उचलून ‘हे चित्र मला आवडत नाही, पेशंटचं पोट परत बघता का’ असं विचारतात, ती सगळी या वर्षात वॉर्डात मनापासून राबलेली आहेत.

राहण्याबद्दल. विद्यापीठाच्या गावातली घरं विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकाने भाड्याने जातात. करार ऑगस्टअखेर सुरू होऊन पुढच्या ऑगस्टात संपतात, आणि तुला जूनच्या मध्याला पोचायचंय, कारण 1 जुलैच्या आधी ओळखीचे दिवस असतात. पण त्याच दोन महिन्यांत सुट्टीवर गेलेल्या मुलांच्या खोल्या कमी भाड्यात मिळतात. तशी एक घे, गाव बघ, आणि ऑगस्टपासूनचं घर स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरव. विद्यार्थ्यांच्या गल्लीत नको. रात्रपाळीनंतर शनिवारी दुपारी तुला झोपायचं असेल आणि खाली ढोल वाजत असेल. बस आहे, पण पहाटे साडेपाचला रुग्णालयात पोचायला गाडीच लागते, तेव्हा येण्याआधी सोलापुरात नीट चालवायला शीक. बर्फातलं इथे शिकशील, ऑक्टोबरात कोणाला तरी बरोबर घेऊन रिकाम्या पार्किंगमध्ये ब्रेक मारून बघ.

एकटेपणा जानेवारीत येतो, अंधारात जायचं आणि अंधारात यायचं तेव्हा. डेट्रॉईटचं महाराष्ट्र मंडळ गाडीने तासाभराच्या आत आहे, गणपतीला नक्की जा. सप्टेंबरात झालेली ओळख जानेवारीत घरी जेवायला बोलावते. बाबांना सांग की त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि रेडिऑलॉजीच्या जागेशी जोडलेलं असेल तरच हे वर्ष तू घेणार आहेस. यादी फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला बंद होते. ती कायम करण्याआधी पूरक याद्या प्रत्येक जागेला जोडल्या आहेत ना, ते पडद्यावर एकेक ओळ वाचून बघ, आणि बघताना कोणाला तरी शेजारी बसव.